हात काय म्हणाले?

इंग्लंडमधल्या एका शाळेच्या कर्णबधिर विभागात मी गेली एकवीस वर्षं मदतनीस म्हणून काम करते. मागच्या अंकात मी ‘एसएसई’बद्दल, म्हणजे साइन सपोर्टेड इंग्लिशबद्दल, ओझरतं लिहिलं होतं. तोंडाने इंग्रजी बोलायचं, क्रमही इंग्रजीचाच ठेवायचा, आणि महत्त्वाच्या शब्दांवर ब्रिटिश साइन लँग्वेजमधली, म्हणजे बीएसएलमधली, खूण करायची, अशी ही पद्धत. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की यावेळचा सगळा स्तंभ त्यांनाच देते आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा आहे. दोन्ही कानांना यंत्रं आहेत. नर्सरीतल्या बाई इंग्रजी बोलता बोलता हातांनी खुणा करतात, आणि आता तोही करायला लागलाय. मी घरी त्याच्याशी मराठीच बोलते, माझं इंग्रजी दुकानापुरतं. सून म्हणते, “आई, इतक्या भाषांनी तो गोंधळेल, तुम्ही इंग्रजीच बोला.” शेजारीण म्हणाली, खुणा शिकवल्यात तर तो कधी बोलायचाच नाही. आता मला त्याच्याशी तोंड उघडायचीच भीती वाटते. काय करू?
— एक आजी, लेस्टर

उत्तर : आजी, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि दोन मिनिटं नुसती बसून राहिले. चार वर्षांच्या मुलाशी त्याची आजी बोलायची थांबली, तर त्याचं जे नुकसान होईल ते कुठल्याच भाषेच्या गोंधळाने होणार नाही. तेव्हा आज संध्याकाळीच त्याच्याशी बोला, आणि मराठीतच बोला. जी भाषा तुम्हाला पोटातून येते तिच्यात तुम्ही गोष्ट सांगाल, रागवाल, लाडही कराल. दुकानापुरत्या इंग्रजीत ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढंच होईल. मुलाला नुसत्या आज्ञा ऐकून भाषा येत नाही.

आता खुणांचं. नर्सरीतल्या बाई ज्या खुणा करतात त्या इंग्रजी शब्दांच्या नाहीत, त्या वस्तूंच्या आणि कामांच्या आहेत. दोन तळवे जोडून उघडले की पुस्तक. बोटांची टोकं एकमेकांना टेकवून छपराचा आकार केला की घर. बाई ती खूण करताना ‘हाउस’ म्हणतात, तुम्ही ‘घर’ म्हणा. नातवाला एका खुणेचे दोन ओठ दिसतील: शाळेतले आणि आजीचे. दोन भाषा बोलणाऱ्या घरातलं कुठलंही मूल आजीकडे एक शब्द आणि बाईंकडे दुसरा शब्द वापरायला शिकतं, तसाच तोही शिकेल. उलट मधली खूण तीच राहिल्यामुळे त्याला दोन्ही शब्द बांधून ठेवायला एक खुंटी मिळते. बाईंकडून आठवड्याला पाच-सहा खुणा मागून घ्या. त्या आनंदाने देतील. असं विचारणारी आजी आली की आम्हाला फार बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र नीट शिकून घ्या, ती म्हणजे भुवया. ‘जेवलास का?’ असा हो-नाहीचा प्रश्न असेल तर खुणेबरोबर भुवया वर जातात. ‘कुठे?’, ‘काय?’, ‘कोण?’ असेल तर भुवया आक्रसतात. बीएसएलमध्ये तो व्याकरणाचाच भाग आहे. चेहरा कोरा ठेवून नुसते हात हलवलेत तर तुम्ही विचारताय की सांगताय हे पोराला कळत नाही.

शेजारणीची भीती फार जुनी आहे. १८८० साली इटलीत मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली. तिथे जवळजवळ सगळे ऐकू येणारे लोक होते. त्यांनी ठरवलं की शिक्षण फक्त बोलण्यातून द्यायचं, खुणा नकोत. त्यानंतर ब्रिटनमधल्या कित्येक शाळांत मुलांना हातांवर बसायला लावत, हात हलले तर पट्टी बसे. माझ्या शाळेतल्या एका वयस्कर कर्णबधिर गृहस्थांनी मला त्यांची बोटं दाखवून हे सांगितलं आहे. इतकं करून हाती काय आलं, तर १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ रूबेन कॉनरॅड यांनी शाळा सोडणाऱ्या कर्णबधिर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं वाचन सर्वसाधारणपणे नऊ वर्षांच्या मुलाइतकं निघालं. मुलाला वेळेवर एक तरी भाषा पुरती मिळाली नाही की असं होतं. २०१० मध्ये व्हँकूवरला भरलेल्या त्याच परिषदेने मिलानचे ठराव नाकारले आणि झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये एकशे तीस वर्षं गेली.

आणि आजी, बोलायचं ते जवळ बसून बोला. यंत्र कानात असलं तरी खोलीपलीकडचा आवाज त्याला नीट पोचत नाही. कुकरची शिट्टी आणि एक्झॉस्ट पंखा चालू असताना ओट्याकडे तोंड करून हाक मारलीत तर त्याला काहीच मिळत नाही. त्याच्यासमोर जमिनीवर बसा, उजेड तुमच्या तोंडावर येऊ द्या, त्याने तुमच्याकडे बघितलं की मगच सुरू करा. सूनबाईंनाही हा स्तंभ वाचायला द्या. त्या काळजीपोटीच म्हणतायत.

प्रश्न : माझ्या टीममध्ये एक कर्णबधिर सहकारी आहे. त्याच्याशी नीट बोलता यावं म्हणून मी बीएसएलचा लेव्हल वनचा कोर्स केला, परीक्षाही पास झालो. आता मी त्याच्याशी इंग्रजीत बोलतो आणि सोबत येतील तेवढ्या खुणा करतो. त्याच्याशी बोलताना बाकीच्यांनाही ऐकू जावं, हा हेतू. परवा मीटिंगनंतर त्याने मला चॅटवर लिहिलं, “प्लीज, एक तर आवाज बंद कर, नाही तर हात.” खरं सांगतो, लागलं मनाला. एवढी मेहनत केली तिचं हे काय?
— एक इंजिनिअर, रेडिंग

उत्तर : दादा, तुम्हाला लागलं हे मी समजू शकते, कारण हे वाक्य मलाही ऐकावं लागलं आहे. मला ते फार उशिरा ऐकायला मिळालं, आणि तोवर त्याची किंमत एका पोराने मोजली होती. ती हकीकत सांगते.

माझं शाळेतलं तिसरं वर्ष होतं. वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. अगदी शांत, सांगितलेलं ऐकणारा. एके दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी मी वर्गाला म्हणाले, “इफ यू हॅवन्ट फिनिश्ड युवर वर्क, यू कान्ट गो आउट टु प्ले.” तोंडाने बोलले आणि सोबत खुणा केल्या. हा मुलगा उठला, अर्धवट वही बंद केली आणि सरळ मैदानावर गेला. मी त्याला परत आणलं, रागावले आणि त्याची सुट्टी कापली. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटलं, उद्धटपणा करतोय.

पुढे काही महिन्यांनी आमच्या विभागातल्या कर्णबधिर सहकारी बाईंनी सगळ्या मदतनिसांचं कामाच्या वेळचं व्हिडिओ चित्रण केलं. मग आम्हाला एका खोलीत बसवलं आणि आवाज पूर्ण बंद करून ते लावलं. पडद्यावर मी होते. माझं तोंड भराभर चाललं होतं आणि हात म्हणत होते: ‘काम – संपलं – बाहेर – खेळ.’ दुसरं वाक्य: ‘पुस्तक – आण’, मी आवाजात म्हटलं होतं ‘पुस्तक आणू नका.’ एकामागून एक. ‘जर’ नाही, ‘नाही’ नाही, ‘अजून’ नाही. डोकं हलवून नकार दाखवता येतो, तेही नाही. बोलण्याच्या नादात माझं डोकं स्थिर होतं. त्या मुलाने मला जे सांगितलेलं दिसलं तेच केलं होतं. काम संपलं, बाहेर खेळ. मी दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली, हातांनी, आवाज बंद ठेवून. त्याला तो दिवस आठवत होता.

असं का होतं, ते तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून जरा खोलात सांगते. अमेरिकेत उर्सुला बेलुगी आणि सुझन फिशर या दोघी संशोधकांनी १९७२ मध्ये मोजून दाखवलं की एक खूण करायला एक शब्द बोलण्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. पण तोच मजकूर खुणांच्या भाषेत सांगायला वेळ बोलण्याइतकाच लागतो. कारण त्या भाषेला ‘द’, ‘इज’, ‘टु’ लागत नाहीत. हात, चेहरा, नजर आणि समोरची जागा एकाच वेळी कामाला लागतात. म्हणजे खुणांच्या भाषेला तिचा स्वतःचा क्रम दिला तर ती बोलण्याबरोबर धावते. तिला इंग्रजीच्या क्रमात, इंग्रजीच्या वेगाने पळवलं तर ती धापा टाकते आणि वाटेत सामान टाकत जाते. पहिलं सामान पडतं ते बारीक शब्दांचं, आणि ‘नाही’ हा त्यातलाच एक शब्द. १९७९ मध्ये मार्मर आणि पेटिटो या अभ्यासकांनी अनुभवी शिक्षकांचं असंच चित्रण तपासलं, तर त्यांच्याही हातांची बहुतेक वाक्यं अपुरी निघाली.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे बोलणाऱ्याला कधीच कळत नाही. आपलं वाक्य आपल्याला पुरतं ऐकू येत असतं. हातांनी काय गाळलं ते आपले कान भरून काढतात. समोरच्याला तो कान नाही.

तेव्हा तुमचा सहकारी जे म्हणाला ते मेहनतीबद्दल नव्हतं. मीटिंगमध्ये तुम्ही वेगाने बोलत असणार, आणि त्याला तुमच्या ओठांवर एक आणि हातांवर दुसरंच दिसत असणार. दोन्हीकडे बघून जोडायचं काम त्याच्या माथी येत होतं, तेही दिवसभर. त्याने तुम्हाला सरळ सांगितलं हा विश्वासच समजा. पुष्कळ जण मान डोलावतात आणि विषय सोडून देतात.

आता काय करायचं? दोघेच असाल तेव्हा आवाज बंद करा. लेव्हल वनच्या खुणा पुरणार नाहीत, अडखळाल, बोटांनी स्पेलिंग करावं लागेल, चालेल. इथे तुम्हाला मराठीचा एक मोठा फायदा आहे, तो घ्या. इंग्रज विद्यार्थी ‘व्हॉट इज युवर नेम’चं ‘नेम – यू – व्हॉट’ करताना चाचपडतात. आपल्याला ‘तुझं नाव काय?’ हे जन्मापासून येतं. मध्ये ‘आहे’ लागत नाही आणि ‘काय’ शेवटी येतं. कपाळाला दोन बोटं टेकवून बाहेर वळवा, समोर बोट दाखवा, मग तर्जनी उभी धरून डावी-उजवीकडे हलवा, भुवया आक्रसलेल्या. डोक्यात इंग्रजी आणू नका, मराठी आणा. सगळंच जुळणार नाही, पण सुरुवात फार सोपी होते.

दुसरं, शब्द बघून खूण निवडू नका, अर्थ बघून निवडा. एसएसई करणाऱ्यांची ही हमखास चूक. इंग्रजीत माणूस ‘रन’ करतो, नळ ‘रन’ होतो आणि दुकानही ‘रन’ करतात. तिन्हींना पळण्याची खूण केली तर दुकान पळत सुटेल. आपल्याकडे हाक मारतात, उडी मारतात, गप्पा मारतात, चक्कर मारतात. यात मारामारी कुठेच नाही. कुणी या चारींसाठी ठोसा मारण्याची खूण केली तर तुम्हाला कसं वाटेल? त्याला तसंच वाटतं.

मग एसएसई वाईट का? अजिबात नाही, आणि हे मी मनापासून सांगते. जे इंग्रजीत वाढले, ज्यांना यंत्राने किंवा कॉक्लिअर इम्प्लांटने, म्हणजे शस्त्रक्रियेने आत बसवलेल्या यंत्राने, बरंचसं ऐकू येतं, जे ओठ वाचतात, अशा खूप लोकांना एसएसईच हवं असतं. त्यांना वाक्य इंग्रजीतच मिळत असतं, खूण फक्त निसटलेला शब्द हातात देते. शिवाय कर्णबधिर माणसं स्वतः समोरचा माणूस बघून दोन्हींमध्ये ये-जा करतात. तुमचा सहकारी तुमच्याशी खुणांनी बोलताना इंग्रजीचा क्रम धरत असेल आणि त्याच्या मित्रांशी बोलताना नाही. तुमच्यासाठी तो वाकत होता. ते तुमच्या लक्षात आलं नसेल. म्हणून त्याला एकदा विचारा: तुला काय सोयीचं, कधी, कुणाबरोबर?

मीटिंगसाठी मात्र तुम्ही दुभाष्याचं काम करू नका. सरकारच्या ‘ॲक्सेस टु वर्क’ योजनेतून नोकरदार कर्णबधिर माणसाला दुभाष्याच्या खर्चासाठी अनुदान मिळतं. अर्ज त्याने करायचा असतो. तुम्ही मॅनेजरच्या कानावर घाला आणि मीटिंगची तारीख दोन दिवस आधी न सांगता दोन आठवडे आधी सांगायची सवय टीमला लावा. चांगला दुभाषी आयत्या वेळी मिळत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. तिला ऐकू येतं, पण बोलणं उशिरा येतंय. थेरपिस्टने मॅकेटॉन शिकवायला सांगितलंय. हेच का ते एसएसई?
— एक आई, स्विंडन

उत्तर : चुलतभावंडं म्हणा, ताई. मॅकेटॉन १९७०च्या दशकात मार्गारेट वॉकर यांनी तयार केलं. त्यांच्या आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या, कॅथी आणि टोनी यांच्या नावांची अक्षरं जोडून ‘मॅकेटॉन’ झालं. ब्रिटनमध्ये त्याच्या खुणा बीएसएलमधूनच घेतल्या आहेत, सोबत रेखाचित्रं असतात, आणि खूण करताना नेहमी बोलायचं असतं. बोलणं किंवा समजणं अवघड जाणाऱ्यांसाठी ते बनवलं आहे आणि तिथे ते फार उपयोगी पडतं. तुमची मुलगी ऐकते, त्यामुळे वर मी तोंड आणि हात एकत्र चालवण्याबद्दल जे लिहिलं त्याची काळजी तुम्ही करू नका. तुम्ही ठरलेल्या एक-दोन शब्दांवर खूण करा, वाक्य लहान ठेवा, मराठीत करायचं असेल तर बिनधास्त मराठीत करा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की मॅकेटॉन ही भाषा नाही, शब्दांचा संच आहे. कर्णबधिर मुलाला कुणी फक्त मॅकेटॉनवर ठेवत असेल तर मी भांडायला उभी राहते.

प्रश्न : माझे मिस्टर एकसष्ट वर्षांचे आहेत. गेल्या सहा वर्षांत त्यांचं ऐकणं जवळजवळ गेलं. यंत्राने आवाज मोठा होतो, पण शब्द कळत नाहीत. ते आता पाहुणे आले की वरच्या खोलीत जाऊन बसतात. या वयात खुणा शिकण्यात अर्थ आहे का? आम्ही घरात मराठी बोलतो.
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : ताई, अर्थ आहे, आणि खुणा बोलण्याला जोडून वापरायची पद्धत ज्यांच्यासाठी अगदी बरोबर बसते ते तुमच्या मिस्टरांसारखेच लोक. त्यांच्याकडे भाषा पुरती आहे, साठ वर्षांची. त्यांना नवी भाषा नको आहे, जुनी परत दिसायला हवी आहे.

आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता म्हणा: पाय, बाय, माय. तीन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. आता म्हणा: काका, गाणं, खा. ओठांवर काहीच होत नाही, सगळं तोंडाच्या आत घडतं. तुमचे मिस्टर दिवसभर हे ओळखत बसलेले असतात. पाहुण्यांच्या घोळक्यात चार तोंडांवर एकदम. वरच्या खोलीत जाणं हा रुसवा नाही ताई, तो थकवा आहे.

इथे हात कामाला येतात. इंग्लंडमधली बोटांची अक्षरं दोन हातांची आहेत. स्वर पाच बोटांच्या टोकांवर: अंगठा ए, मग ई, आय, ओ, आणि करंगळी यू. एम म्हणजे दुसऱ्या तळव्यावर तीन बोटं, एन म्हणजे दोन. बी म्हणजे दोन्ही हातांची तर्जनी-अंगठ्याची कडी एकमेकींना टेकवलेली, चष्म्यासारखी. ‘माय’ म्हणताना तळव्यावर तीन बोटं ठेवलीत की गोंधळ संपला. पूर्ण स्पेलिंग करायची गरज नाही, पहिलं अक्षर पुरतं. मराठी शब्दाला इंग्रजी अक्षर चालतं का? घरात सगळं चालतं, दोघांनी एकच ठरवलं म्हणजे झालं.

दुसरी युक्ती: विषय आधी सांगा. ‘डॉक्टर’ची खूण, थांबा, त्यांनी मान डोलावली की मग वाक्य. विषय कळला की ओठ वाचणं निम्म्याने हलकं होतं. तिसरी: ‘कुठे’, ‘कधी’, ‘कोण’, ‘किती’ या खुणा दोघांनी आधी शिका, कारण प्रश्न निसटला की संभाषणच तुटतं. नावांसाठी घरातल्या प्रत्येकाची एक खूण ठरवा. आणि खिडकीकडे पाठ करून बसू नका. उजेड मागून आला की तुमचा चेहरा त्यांना काळा दिसतो.

बीएसएलच्या वर्गाला जाण्याआधी जवळपास ओठवाचनाचा वर्ग आहे का ते बघा. तिथे त्यांच्यासारखेच, मोठेपणी ऐकणं गेलेले लोक भेटतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना त्या वर्गाचा उपयोग ओठांपेक्षा चहाच्या सुट्टीसाठी झाला. सहा जण एका टेबलाभोवती, सगळे हळू बोलणारे, सगळे एकेकाने बोलणारे. मोठ्या कार्यक्रमांसाठी किंवा हॉस्पिटलसाठी लिपस्पीकरही मागता येतो, म्हणजे वक्त्याचं बोलणं आवाज न करता स्पष्ट ओठांनी पुन्हा सांगणारा प्रशिक्षित माणूस. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं.

सुरुवात मात्र तुम्ही करा. त्यांच्या आधी तुम्ही शिका. त्यांना वर्गाला एकट्याला पाठवलंत तर घरी कुणाशी बोलणार?

प्रश्न : मी कर्णबधिर आहे, बायकोही. आमची अकरा वर्षांची मुलगी ऐकते. जीपीकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, आणि हॉस्पिटलात तिलाच नेतो, ती बोलते आणि सोबत खुणा करते. तिथले लोक म्हणतात, किती हुशार मुलगी. पण मागच्या महिन्यात बायकोच्या गाठीबद्दल डॉक्टर बरंच बोलले आणि मुलीने आम्हाला दोनच वाक्यं सांगितली. घरी आल्यावर ती रडली. आम्ही काय करायला हवं होतं?
— एक वडील, कॉव्हेंट्री

उत्तर : दादा, तुम्ही काही चुकलात असं मी म्हणणार नाही. चुकलं त्या हॉस्पिटलचं; मुलीला आत येताना बघून त्यांनी थांबायला हवं होतं. अकरा वर्षांच्या मुलीला आईच्या गाठीबद्दल ऐकावं लागलं, समजून घ्यावं लागलं, आणि मग ते आईच्याच डोळ्यांत बघून सांगावं लागलं. तिने दोनच वाक्यं सांगितली कारण बाकीची तिला सांगवली नसतील.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून ‘ॲक्सेसिबल इन्फर्मेशन स्टँडर्ड’ लागू आहे. त्यानुसार एनएचएसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने, तुमची गरज विचारायची, तुमच्या नोंदीत लिहायची आणि ती पुरवायची आहे. दुभाष्याचे पैसे तुम्हाला पडत नाहीत. जीपीला लेखी कळवा: ‘आम्हा दोघांना बीएसएलचा दुभाषी लागतो, ही नोंद दोघांच्या फाइलवर करा आणि हॉस्पिटलला पाठवलेल्या प्रत्येक पत्रात लिहा.’ तुम्हाला एसएसई सोयीचं असेल तर तसं लिहा. दुभाष्याला ते आधी कळलेलं बरं. दुभाषी एनआरसीपीडीच्या, म्हणजे दुभाष्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, यादीतला असावा, त्याच्याकडे ओळखपत्र असतं, ते बघायला मागा. तुमच्या पुढच्या तारखेच्या आधी हे झालं नाही तर तारीख पुढे ढकलायला सांगा; आणि तब्येतीच्या दृष्टीने ढकलण्यासारखं नसेल तर व्हिडिओवरचा दुभाषी तरी मागा. ‘मुलगी आहे ना’ असं कुणी म्हणालं तर ‘ती शाळेत आहे’ एवढंच उत्तर द्या.

२०२२च्या कायद्याने बीएसएलला इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये भाषा म्हणून मान्यता मिळाली आहे. कायद्याने दुभाषी आपोआप दारात येत नाही, पण मागताना आवाज वाढवायला जागा मिळते.

आणि मागच्या भेटीत डॉक्टर काय म्हणाले ते अजून तुम्हा दोघांना पुरतं ठाऊक नाही, हे माझ्या मनातून जात नाही. आजच जीपीला लिहा आणि तीच भेट दुभाष्याबरोबर पुन्हा मागा. मुलीला सांगा की तिने उरलेलं सांगायची गरज नाही. हे आधी करा.

प्रश्न : माझा भाचा जन्मापासून कर्णबधिर आहे, पुण्यात शिकला, आता मास्टर्ससाठी इथे येतोय. त्याच्या खुणा इथे चालतील का?
— एक मामा, मँचेस्टर

उत्तर : बऱ्याचशा नाही चालणार. भारतातली खुणांची भाषा वेगळी, इथली वेगळी. इथेही गावागणिक फरक आहेत. मँचेस्टरमधले जुने लोक आकडे ज्या खुणांनी मोजतात त्या लंडनवाल्यांना चटकन कळत नाहीत. पण बोटांची अक्षरं भारतातही दोन हातांची आहेत आणि इथल्याशी बरीचशी जुळतात, त्यामुळे तो पहिल्या दिवशीच नाव, पत्ता, विषय सांगू शकेल. अमेरिकेला गेला असता तर तिथे एका हाताची अक्षरं पहिल्यापासून शिकावी लागली असती.

वर्गातल्या व्याख्यानांसाठी त्याने विद्यापीठाला आताच लिहावं, यायच्या आधी: दुभाषी हवा की लिहून घेणारा हवा, की दोन्ही. बीएसएल यायला त्याला काही महिने लागतील, तोवर दुभाषी मिळूनही उपयोग होणार नाही. तेव्हा सुरुवातीला मजकूर समोर पडद्यावर येण्याची सोय जास्त कामाची. बाकी त्याची काळजी फार करू नका. दोन देशांतली कर्णबधिर माणसं एकमेकांशी अर्ध्या तासात जे बोलायला लागतात ते बघून मी अजून थक्क होते. मँचेस्टरमधला कर्णबधिरांचा क्लब शोधून ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात त्याला तिथे सोडून या.

तुम्ही विमानतळावर घ्यायला जाल तेव्हा त्याच्याशी कसं बोलणार, ते लिहिलं नाहीत. तो येईपर्यंत ती अक्षरं तरी शिकून घ्या. सव्वीसच आहेत, एका रविवारचं काम.